ठाणे–नवी मुंबईत हौशी फोटोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावपाळीवर किंवा नेरूळच्या पाणथळीकडे कॅमेरा घेऊन उभं राहिलं की दोन-चार माणसं थांबतातच. आधी "काय काढताय?" असं विचारतात, मग हळूच स्वतःचा मोबाईल पुढे करून "माझे फोटो असे का येत नाहीत?" हा खरा प्रश्न येतो. असे वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. धंदा म्हणून फोटो काढणाऱ्यांना यात फारसं काही मिळणार नाही. नोकरी, घर आणि लोकलचा प्रवास सांभाळून हौस जपणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

सुरुवात करायला मोबाईल पुरतो का?

पुरतो. बाजार, तलाव, गल्ल्या, पाऊस, फुलं, घरातली माणसं, सगळं मोबाईलवर उत्तम निघतं. मोबाईलची मुख्य लेन्स मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी असते, आणि रोजच्या दृश्यांना हाच कोन बहुतेक वेळा लागतो. मोबाईल कमी पडतो तो लांबच्या पक्ष्यांना, पळत्या विषयांना आणि फार कमी उजेडाला. तुमची ओढ त्या तिघांपैकी एखाद्याकडे आहे हे कळेपर्यंत कॅमेऱ्यावर पैसे घालू नका.

मोबाईल तोच ठेवून फोटो लगेच सुधारायचे असतील तर?

लेन्स पुसा. हे फार किरकोळ वाटतं, पण खिशात आणि हातात फिरणाऱ्या मोबाईलच्या काचेवर बोटांचा तेलकट थर असतोच. रात्रीच्या फोटोत दिव्यांभोवती जी पांढुरकी धूसर आभा दिसते ती बऱ्याचदा त्यामुळेच असते. मऊ सुती कापड खिशात ठेवा.

दुसरी गोष्ट, उजेडाचा ताबा मोबाईलवर सोडू नका. ज्यावर फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तिथेच थांबतात. मग बाजूला येणारी सूर्याची खूण खाली ओढून चित्र जरा गडद करा. आपल्याकडे आकाश बरेच महिने पांढरं असतं. मोबाईल सावल्या उजळायला जातो आणि ते आकाश अगदी कोरं होऊन बसतं. किंचित गडद काढलेला फोटो नंतर उजळता येतो, पण जळून पांढरा झालेला भाग परत येत नाही.

तिसरी, बोटांनी चिमटून झूम करू नका. बहुतेक मोबाईलमध्ये त्याने फक्त चित्र कापून मोठं केलं जातं. चार पावलं पुढे जा.

"आमच्या इथे फोटो काढण्यासारखं काहीच नाही." मग जायचं कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून उत्तर जरा मोठं आहे.

माणूस नवीन जागी गेला की भराभर फोटो काढतो आणि घराजवळ आला की कॅमेरा बॅगेत टाकतो. खरं तर फायदा घराजवळच्या जागेचाच असतो, कारण तिथे पुन्हा पुन्हा जाता येतं. उपवन तलाव पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो पाणी आणि डोंगर एवढाच दिसतो. तिथे वर्षभर जाणाऱ्याला माहीत असतं की डोंगर पश्चिमेला असल्यामुळे सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं आणि हिरव्या रंगाच्या छटा वेगवेगळ्या दिसतात. संध्याकाळी तोच डोंगर नुसती काळी कड होतो. जुलैत ढग खाली उतरून अर्धा डोंगर पुसून टाकतात. जागा तीच, पण तिच्यातून निघणारे फोटो एकमेकांची सख्खी भावंडंही वाटणार नाहीत.

दोन्ही शहरांचा नकाशा एकदा या नजरेनं पाहा. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत आणि पूर्वेला खाडी. म्हणून ठाण्यात सूर्य मावळतीच्या वेळेआधीच डोंगराआड जातो, पण पहाट मोकळी असते. कोपरी किंवा कळव्याच्या पुलाकडून पूर्वेला पाहिलं की खाडी आणि पलीकडे पारसिकचा डोंगर दिसतो. नवी मुंबईत सगळं उलटं आहे. तिथे डोंगर पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला. ऐरोली, वाशी, नेरूळ इथे पाण्यावरचा सूर्यास्त मिळतो, आणि खारघर-बेलापूरला सूर्य डोंगरावरून जरा उशिराच डोकावतो. एवढं लक्षात ठेवलंत तर पहाटेला ठाणं आणि संध्याकाळला नवी मुंबई असा साधा बेत जमतो.

जागाच हव्या असतील तर काही सांगतो. ठाण्यात मासुंदा तलाव म्हणजेच तलावपाळी, कौपिनेश्वर मंदिराचा परिसर, जांभळी नाक्याची मंडई, चेंदणी कोळीवाडा. नवी मुंबईत दिवाळे कोळीवाडा, बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी, वाशीची घाऊक बाजारपेठ. मार्च ते मे या काळात तिथल्या फळबाजारात आंब्याच्या पेट्यांची चढउतार चालते. पेंढा, लाकडी पेट्या, हमालांच्या डोक्यावरची कापडं, वरून पडणारा पिवळा दिवा, सगळं एकाच जागी. मात्र तिथे लोक कामात असतात आणि वाट अडवलेली कुणालाच परवडत नाही. कडेला उभं राहायचं आणि गाळ्याच्या मालकाला विचारायचं.

यातली एकच जागा निवडा. महिन्यातून दोनदा जा. सहा महिन्यांनी स्वतःचे पहिले फोटो पुन्हा उघडून पाहा.

चांगला उजेड नेमका कधी असतो?

सूर्य वर आल्यावरचा पहिला पाऊण तास आणि मावळण्याआधीचा तेवढाच वेळ. आपण साधारण १९ अक्षांशावर आहोत, त्यामुळे सूर्य चटकन वर चढतो आणि चटकन बुडतो. युरोपातले लोक तासन् तास टिकणाऱ्या सोनेरी उजेडाविषयी लिहितात, तो इथे शोधू नका. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास होतो आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास. म्हणजे झोप प्रिय असणाऱ्यांसाठी डिसेंबर-जानेवारी हा खरा हंगाम आहे. हवा कोरडी असते आणि सकाळी खाडीवर धुकट थर असतो.

दुपारी काढायचंच नाही असं मात्र नाही. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. तो शून्य सावली दिवस. साडेबाराच्या सुमारास विजेचा खांब, रिक्षा, माणूस, सगळ्यांची सावली पायाखाली जाते. जुलैत ढग दगा देतात, म्हणून मेमधला दिवस गाठा. बाकी दिवसांत दुपारी सावलीत जा. मंडईच्या ताडपत्रीखाली, जुन्या चाळीच्या जिन्यात किंवा वडाखाली उजेड बाजूने आत येतो आणि चेहऱ्यावर फार सुंदर पडतो.

फ्लेमिंगोचे फोटो काढायचेत. कधी आणि कुठे जावं?

साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत ते ठाणे खाडीत असतात. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत संख्या भरपूर असते. मराठीत यांना रोहित म्हणतात. मोठा रोहित उंच, पांढरट गुलाबी, आणि त्याच्या गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं. छोटा रोहित बुटका, जास्त गडद, आणि त्याची चोच गडद तांबडी-काळपट. गुलाबी रंग येतो तो खाण्यातल्या शेवाळातल्या आणि बारीक जिवांमधल्या रंगद्रव्यांमुळे. खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला.

आता महत्त्वाचं. फ्लेमिंगोंचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खाडीत पसरून चरत असतात, म्हणजे किनाऱ्यावरून फार लांब. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की ते उठतात आणि नेरूळचा डीपीएस तलाव, टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ अशा उथळ जागी येऊन विसावतात. तेव्हा ते जवळून दिसतात. सकाळी शहराच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर येतं. गुलाबी रंग हवा असेल तर सकाळ, पाण्यावरच्या काळ्या आकृत्या हव्या असतील तर संध्याकाळ.

भरतीची वेळ ॲपवर मिळतेच, पण कोळी लोकांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास. पुढच्या पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडं उशिरा चढतं, ते जमेस धरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही, त्यामुळे पक्षी चिखल सोडून येतीलच असं नाही. पौर्णिमेला उधाण जोरदार, पण भरती ऐन दुपारी. म्हणून दशमी ते द्वादशी या तिथी मला फ्लेमिंगोंसाठी सगळ्यात जमून आलेल्या वाटतात. पाणीही पुरेसं आणि उजेडही कोवळा. कॅलेंडरवरच्या तिथीकडे मी आता आधी याच कारणासाठी बघतो.

ऐरोलीला वनखात्याचं सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात बोटीची फेरी असते आणि तिची वेळही भरतीप्रमाणे ठरते. बोटीतून काढताना शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. बोट हलते, पक्षीही हलतात.

एक कळकळीची विनंती. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवू नका, दगड मारू नका, चिखलात उतरू नका. उडणाऱ्या थव्याचा फोटो देखणा येतो हे खरं, पण या पक्ष्यांना खाणं आणि विश्रांती भरतीच्या वेळांत बसवावी लागते आणि प्रत्येक उड्डाणाची किंमत त्यांच्या अंगातल्या चरबीतून जाते. शिवाय भरतीचं पाणी आत यायचा मार्ग बुजला की या पाणथळी सुकतात. तसं काही दिसलं तर फोटो काढा, तारीख टाका आणि महापालिकेकडे किंवा वनखात्याकडे पाठवा. हौशी माणसाचा फोटो तिथे खरोखर उपयोगी पडतो.

येऊरला कॅमेरा नेता येतो का?

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. जंगलात शिरून वन्यजीवांचे फोटो काढायला परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. नाक्यावर चौकशी करा, सांगितलेल्या वेळा पाळा आणि अंधार पडायच्या आत खाली या. तिथे बिबटे राहतात, ते त्यांचं घर आहे.

काय मिळेल? जानेवारीपासून काटेसावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि तामण. पर्णहीन सावरीवर फुलं आली की भांगपाडी मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर असे बरेच पक्षी मध प्यायला येतात. एका झाडाखाली शांत बसून राहिलात तर जंगलभर फिरण्यापेक्षा जास्त दिसेल. पावसाळा सरताना फुलपाखरं. निलवंत हे २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं. मोठं, काळं, पंखांवर फिकट निळे पट्टे. ओलसर वाटेवर ते चिखलपान करताना दिसतं आणि त्या वेळी बराच वेळ एका जागी थांबतं. फुलपाखरांना सकाळी पंख तापवायला ऊन लागतं, म्हणून आठ ते दहा ही वेळ चांगली. जंगलात जायचं नसेल तर घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे.

घरट्याचे फोटो काढू नका. फांदी वाकवली किंवा पानं बाजूला केली की घरटं कावळ्यांना उघडं पडतं. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही टाळा. विणीच्या काळात तो आपली हद्द राखायला धावून येतो आणि पिल्लांचं खाणं राहून जातं.

येऊरला वारली पाडे आहेत, तिथे माणसं राहतात. अंगणात परवानगीशिवाय कॅमेरा नेऊ नये.

अनोळखी माणसांचे फोटो काढावेत का? भीती वाटते.

ती भीती चांगली आहे, ती समोरच्याचा विचार करायला लावते. सार्वजनिक जागी, गर्दीच्या दृश्यात माणसं येणारच. पण एखाद्याचा चेहराच फोटोचा विषय असेल तर मी विचारतो. "मावशी, तुमचा भाजीसकट एक फोटो काढू का?" एवढंच. बहुतेक जण हसून हो म्हणतात, पदर सावरतात आणि कॅमेऱ्याकडे ताठ बघतात. तो ताठ फोटो आधी मनापासून काढा, त्यांना दाखवा. मग तिथेच थांबा. दोन गिऱ्हाइकं आली की त्या तुम्हाला विसरतात आणि वजनकाट्याकडे, सुट्ट्या पैशांकडे वळतात. तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो.

नाही म्हटलं तर "बरं, मावशी" म्हणून पुढे जायचं. लांबून गुपचूप काढायचा नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच, आणि ते समाजमाध्यमांवर टाकणं शक्यतो नकोच. भीक मागणारा, आजारी, झोपलेला किंवा रडणारा माणूस समोर असेल तर कॅमेरा खाली.

आणि एक सवय लावून घ्या. पुढच्या खेपेला जाताना त्या फोटोची छोटी प्रिंट घेऊन जा. प्रिंटला फार पैसे पडत नाहीत. दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जाळी विणणाऱ्या एका आजोबांना मी अशी प्रिंट दिली. त्यांनी ती आतून सगळ्या घराला दाखवून आणली आणि मग मला जाळ्याची गाठ कशी मारतात ते सावकाश, पुन्हा पुन्हा करून दाखवलं. हातांचे इतके चांगले फोटो मला एरवी कधीच मिळाले नसते.

रेल्वे स्टेशनवर फोटो काढलेले चालतात का?

ठाणेकराला हा मोह व्हायलाच हवा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागतेच. आपल्यासारख्यांनीही ट्रायपॉड मांडू नये, आणि सुरक्षा दलाच्या जवानाने थांबवलं तर वाद न घालता थांबावं. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवावरचं आहे. दारात लटकून फोटो काढणंही तसंच.

पादचारी पुलावरून खाली पाहा. पावसाळ्यात छत्र्या, हिवाळ्यात लांबलेल्या सावल्या. पण गर्दीच्या वेळी पुलावर उभं राहू नका, लोकांना घर गाठायचं असतं.

पावसात कॅमेरा बाहेर काढावा?

नक्की काढावा. इथला पाऊस जून ते सप्टेंबर असा चार महिने चालतो, तो सोडला तर वर्षाचा मोठा आणि सगळ्यात देखणा भाग हातचा जातो.

पाऊस फोटोत दिसत नाही अशी तक्रार असते. थेंब दिसायला मागे गडद काहीतरी लागतं आणि उजेड समोरून किंवा बाजूने यावा लागतो. रिक्षाच्या दिव्यासमोर, हिरव्यागर्द झाडीपुढे, दुकानाच्या काळोख्या दारापुढे तो लखलखीत दिसतो. थेंब गोठवायचे तर १/५०० सेकंद, रेघा हव्या असतील तर १/३० च्या आसपास. छत्री मान आणि खांद्यात धरून दोन्ही हातांनी फोटो काढायची कसरत करण्यापेक्षा दुकानाच्या पागोळीखाली उभं राहा. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक, वर रबर. एवढं संरक्षण पुष्कळ होतं. गाडीतल्या एसीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

रात्री पाऊस थांबल्यावर लगेच बाहेर पडा. मासुंद्याभोवतीचा ओला रस्ता, गडकरी रंगायतनसमोरची गर्दी, तळ्यात उतरलेले दिवे. कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉड लागत नाही.

खारघरचा पांडवकडा किंवा असे कोणतेही धबधबे बंदी असताना गाठू नका. तिथे पाणी क्षणात वाढतं आणि जीव गेलेले आहेत. लांबून, रस्त्यावरून दिसणारा पांढरा धागाही डोंगराच्या प्रमाणात फार छान दिसतो.

लेन्सवर बुरशी आली. आता?

दुरुस्तीवाल्याकडे न्या, घरी उघडू नका. पुन्हा येऊ नये म्हणून हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर तापवून कोरडं करता येतं. ती कढई स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत पावसाळाभर कॅमेरा कोंडून ठेवणं हे बुरशीला आमंत्रण. तो वापरत राहणं हा सगळ्यात सोपा उपाय.

आयएसओ, ॲपर्चर, शटर हे सगळं शिकावंच लागतं का?

हळूहळू शिका, एका वेळी एक. मी शटरपासून सुरुवात करायला सांगतो, कारण त्याचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो. राम मारुती रोडच्या कडेला उभं राहून जाणाऱ्या रिक्षेबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ला फोटो काढा. जमला तर रिक्षा स्पष्ट आणि मागचा रस्ता ओढल्यासारखा दिसेल. पहिले बरेच फोटो पुसट येतील, काढत राहा. मग ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ठेवायचं. आकडा लहान तेवढं भोक मोठं, उजेड जास्त आणि मागचं दृश्य पुसट. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनक्षमता, शेवटी. अंधारात तो वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात, पण दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा कधीही बरा.

कॅमेरा घ्यायचाच ठरवला तर कोणता?

वापरलेला घ्या, शटर किती वेळा उघडलंय ते विचारा, लेन्समधून उजेडाकडे बघून बुरशी तपासा. माणसं आणि बाजार आवडत असेल तर ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स. पक्षी आवडत असतील तर निदान ३०० मिमीपर्यंत पोचणारी. आणि पक्ष्यांसाठी कॅमेऱ्याआधी ८×४२ ची दुर्बीण घेतलीत तर तुम्ही पक्षी ओळखायला शिकाल. कोणता पक्षी पुढच्या क्षणी काय करेल हे त्यातूनच कळू लागतं.

सणांच्या गर्दीत काय सांभाळावं?

पाडव्याच्या शोभायात्रेत आधी मार्ग पाहून ठेवा आणि ऊन जिथे कॅमेऱ्याच्या समोरून येतं ते वळण निवडा. नऊवारीतल्या बायका, ढोलपथकाचे हात, गुढीचं रेशीम, मागून उजळलेलं सगळं खुलतं. दहीहंडीला रचलेल्या थरांपेक्षा खालच्या थरातल्या गोविंदांचे चेहरे पाहा. सगळ्यांचे कॅमेरे वर असतात आणि सगळा भार खाली असतो. नारळी पौर्णिमेला चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाडा. विसर्जनाला घाटावर गर्दी असते आणि लोक भावुक झालेले असतात. तिथे फ्लॅश नको.

पहाटे एकटीने बाहेर पडणं सुरक्षित आहे का?

तलावपाळी, उपवन, पाम बीच रस्त्यालगतचं ज्वेल ऑफ नवी मुंबई इथे पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. सुरुवात तिथून करा. पाणथळीचे बांध आणि खाडीकाठच्या निर्जन वाटांवर मात्र सोबत घेऊनच जा, बाईच काय, पुरुषांनीही. कुठे जातोय ते घरी सांगून ठेवा.

एडिटिंग म्हणजे फसवणूक नाही का?

क्षितिज सरळ करणं, कडेचा नको तो भाग कापणं, उजेड आणि रंग डोळ्यांनी पाहिल्यासारखे आणणं यात फसवणूक नाही. नसलेला चंद्र आणून ठेवणं, आकाश बदलणं, फ्लेमिंगो आणखी गुलाबी करणं मला पटत नाही. निसर्गाच्या फोटोवर बघणारा विश्वास ठेवतो.

हजारो फोटो साठलेत, काय करू?

त्याच रात्री पुसायला बसू नका. आठवड्याने बसा आणि प्रत्येक फेरीतले पाच-सहाच ठेवा. ठेवलेल्यांच्या तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. फाइलच्या नावात तारीख आणि जागा लिहा. काही वर्षांनी तीच पाणथळ, तोच कोपरा जुळवून बघताना त्याचा फार उपयोग होतो. या शहरांत जागा झपाट्याने बदलतात.

माझा फोटो कुणीतरी न विचारता वापरला.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे स्वतःच्या हौसेनं काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. मूळ फाइल जपून ठेवा, तोच पुरावा. आधी सभ्य शब्दांत लिहा. बहुतेक जण नाव टाकतात किंवा फोटो काढून टाकतात.

कुणाचं काम पाहून शिकावं?

होमाई व्यारावाला. जन्म १९१३, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण. त्यांचे नेत्यांचे फोटो सगळ्यांना माहीत आहेत, पण सुरुवातीच्या काळातले मुंबईच्या साध्या जगण्याचे फोटो आवर्जून पाहा. दुसरे सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम बघितल्यावर रस्त्यावर उभं राहण्याची आपली पद्धतच बदलते. तिसरे रघुबीर सिंग, रंगीत फोटोत इतकी माणसं आणि इतक्या घडामोडी एकाच वेळी कशा मांडाव्यात त्यासाठी.

प्रिंट काढायची तर मोबाईलचा फोटो केवढा मोठा होतो?

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० बिंदूंचा असतो. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० बिंदू धरले तर तो सुमारे १३ बाय १० इंच होतो, म्हणजे ए४ कागदाहून मोठा. भिंतीवर लावायचा आणि चार फुटांवरून बघायचा असेल तर २०० बिंदूही पुरतात, म्हणजे २० बाय १५ इंच. फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवू नका, तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या. भिंतीला ओल येत असेल तर मॅट कागद घ्या आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते.